तळपाय गार का पडले? लाल विंचवाचा एक रुग्ण आणि स्वायत्त चेतासंस्था

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. रायगडच्या दक्षिण टोकाला भातकापणी ऐन भरात आलेली. ३२ वर्षांचा एक शेतकरी दुपारी साडेचारच्या सुमारास बांधावर ठेवलेला भारा उचलायला वाकला आणि उजव्या हाताच्या तर्जनीत नांगी बसली. थोरल्या भावानं चपलेनं विंचू ठेचला, पण फेकून न देता डबीत घालून सोबत आणला, हे फार बरं केलं. बोटाएवढा लांब, अंग तांबूस तपकिरी, पाय फिकट पिवळे. कोकणात काम केलेल्या डॉक्टरला हा लाल विंचू लगेच ओळखू येतो. मोठा काळा विंचू, ज्याला लोक इंगळी म्हणतात, तो दिसायला भयंकर असतो. जिवावर बेततं ते या लहान तांबड्यामुळे.

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्याच्या शरीरात पुढच्या तेरा-चौदा तासांत जे घडलं ते मात्र क्रमानं सांगते. स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे हृदय, आतडी, घाम यांचा कारभार आपल्या इच्छेविना चालवणारे मज्जातंतू, आपल्याला पुस्तकात दोन रकान्यांच्या तक्त्यातून शिकवतात. डावीकडे अनुकंपी, म्हणजे सिंपथेटिक. उजवीकडे परानुकंपी, म्हणजे पॅरासिंपथेटिक. एक छाती धडधडवते, दुसरी शांत करते. एक डोळ्याची बाहुली मोठी करते, दुसरी लहान. परीक्षेपुरता तक्ता ठीक आहे. पण त्या रात्री त्याच तक्त्यानं आम्हाला दोनदा चुकीच्या औषधाच्या दारात नेऊन उभं केलं होतं, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं.

उपकेंद्रातली चिठ्ठी

वाडीतल्या दोघा-तिघांचं म्हणणं होतं की आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेऊ. भावानं ऐकलं नाही. मोटारसायकलवर मध्ये बसवून त्यानं पाच वाजून पाच मिनिटांनी उपकेंद्र गाठलं. तिथल्या सिस्टरनी जी चिठ्ठी लिहिली ती मी जपून ठेवली आहे, कारण तिच्याविना अर्धी गोष्ट हरवली असती. नाडी ५४. रक्तदाब १००/७०. दोन उलट्या. तोंडातून लाळ गळते. अंग घामानं निथळतंय. आणि खाली एक ओळ: 'बोट फार दुखत नाही म्हणतो.'

ही शेवटची ओळ वाचून मी सावध झाले. विंचू चावल्यावर जो माणूस बोट धरून ओरडत येतो, त्याच्याबद्दल मला सहसा कमी काळजी वाटते. वेदना असतात, पण विष बहुधा तिथंच अडकलेलं असतं. जो बोटाबद्दल फार बोलत नाही, पण ओकतो आणि घामाघूम होतो, त्याच्या शेजारून उठायचं नाही.

लाल विंचवाच्या विषात लहान लहान प्रथिनं असतात. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची दारं असतात; संदेश जाताना ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विषातली काही प्रथिनं ही दारं मिटू देत नाहीत, काही पोटॅशियमची दारं अडवतात. परिणाम एकच: तंतू एकदा पेटला की विझत नाही. टोकाशी साठवलेली रसायनं तो ओतत राहतो. हातापायाच्या स्नायूंपेक्षा याचा फटका आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या तंतूंना फार बसतो. हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, घर्मग्रंथी, बाहुली, मूत्राशय, या सगळ्यांचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्या तंतूंना. केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १८९८ मध्ये या कारभाराला 'ऑटोनॉमिक' हे नाव दिलं. मणक्यांजवळच्या मज्जागाठींवर निकोटिन लावून कुठला संदेश कुठं थांबतो हे त्यांनी टिपत नेलं होतं. 'पॅरासिंपथेटिक' हा शब्दही त्यांचाच, १९०५ चा.

आता चिठ्ठीतली नाडी ५४ पाहू. भीतीनं गळाठलेल्या, उन्हात राबलेल्या माणसाची नाडी खरं तर नव्वदीच्या पुढं हवी. ती ५४ वर आली म्हणजे व्हेगस जोरात होती. मेंदूच्या तळापासून निघून मान, छाती ओलांडत पार पोटापर्यंत जाणारी ही दहावी मस्तिष्क चेता. परानुकंपी तंतूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश तंतू एकट्या हिच्यात असतात. बाकीचे तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या चेतेतून डोळ्याच्या बाहुलीकडे, अश्रुग्रंथींकडे, लाळग्रंथींकडे जातात, आणि एक छोटा गट थेट खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थी भागातून, दुसऱ्या ते चौथ्या खंडातून निघतो. मधल्या सगळ्या पाठीच्या कण्यातून परानुकंपीचा एकही तंतू निघत नाही.

व्हेगस हृदयाला हळू करते ती रसायनाच्या मार्गानं, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. आमच्या रुग्णाच्या हृदयाभोवती पाच वाजता हेच सांडत होतं. लाळ, उलट्या, पोटातली कळ, सगळं त्याच ओघात. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं चेतातंतूंचं जाळं असतं आणि एरवी ते बरंचसं आपल्या मनानं चालतं, पण इतका मारा झाल्यावर त्याचाही ताल सुटतो.

सहा वाजून दहा मिनिटं

सिस्टरनी वेळ न घालवता त्याला ग्रामीण रुग्णालयाकडे पाठवलं. आमच्याकडे पोचला तेव्हा तासाभरापूर्वीची चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची वाटावी अशी त्याची अवस्था होती. नाडी १२४. रक्तदाब १७०/११०. श्वास मिनिटाला २६. बाहुल्या मोठ्या. रक्तातली साखर २१२, आणि त्याला मधुमेह कधीच नव्हता. ईसीजीत गती वाढलेली, टी लहरी उंच. छाती स्वच्छ, ऑक्सिजन ९७.

मी त्याच्या तळपायाला हात लावला. घोट्यापर्यंत बर्फासारखा गार, आणि ओला. नख दाबून सोडलं तर पांढरं पडलेलं नख गुलाबी व्हायला चार सेकंद लागले. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा होता, वॉर्डातले पंखे गरगर फिरत होते आणि सगळ्यांना घाम फुटलेला. तरी या एका माणसाचे पाय पौषातल्या पहाटेसारखे.

अजून एक तपासणी राहिली होती, जी बरेचदा राहूनच जाते. मी पडदा ओढला, भावाला बाहेर थांबवलं आणि सरळ विचारलं. तो आधी मान फिरवून पडला, मग पुटपुटला, "मॅडम, लाज वाटते सांगायला." लिंगाला ताठरता होती, इच्छेविना, तासाभरापासून. त्याला वाटत होतं की हे भलतंच काही झालंय. मी त्याला सांगितलं की हे विषाचंच लक्षण आहे, उतरेल, आणि ते सांगितलंस म्हणून माझं काम सोपं झालं. त्रिकास्थीतून येणारा तो छोटा परानुकंपी गट इथं दिसत होता. पुरुष रुग्णात उलट्या, घाम, लाळ, ही ताठरता आणि गार हातपाय एकत्र दिसले की लाल विंचवाचं विष अंगभर पसरलंय हे प्रयोगशाळेविना कळतं.

म्हणजे एकाच माणसात एकाच वेळी दोन्ही बाजू पेटल्या होत्या. ताठरता आणि लाळ परानुकंपीची, बाहुली, नाडी आणि गार पाय अनुकंपीचे. पहिल्या तासात परानुकंपीचा जोर दिसला, मग अनुकंपीनं तिला झाकून टाकलं. वैद्यकात याला ऑटोनॉमिक वादळ म्हणतात, आणि या शब्दात अतिशयोक्ती नाही.

अनुकंपीची मांडणी वेगळी आहे. तिचे तंतू पाठीच्या मधल्या भागातूनच निघतात, मज्जारज्जूच्या छातीच्या पहिल्या खंडापासून कमरेच्या दुसऱ्या खंडापर्यंत. बाहेर पडल्यावर लगेच ते कण्याच्या दोन्ही अंगांना माळेसारख्या ओवलेल्या गाठींपाशी येतात. तिथं संदेश दुसऱ्या तंतूच्या हाती दिला जातो आणि तो दुसरा लांब तंतू थेट अवयवापर्यंत जातो. परानुकंपीत नेमकं उलट: पहिला तंतू लांब, गाठ अवयवाच्या अंगाशी, दुसरा तंतू बोटभर. या रचनेमुळेच परानुकंपी एकेका अवयवाशी निवडून बोलू शकते, आणि अनुकंपीची हाक एकदम गावभर जाते. त्यात भर मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्याची. त्याला अनुकंपीचा पहिलाच तंतू थेट येऊन मिळतो, मध्ये गाठ नाही. तो गाभा स्वतःच गाठीसारखा आहे. फरक इतकाच की तो आपलं रसायन रक्तात सोडतो, सुमारे ८० टक्के ॲड्रेनलिन आणि बाकी बहुतेक नॉरॲड्रेनलिन. साखर २१२ झाली ती यामुळे. यकृतानं साठा मोकळा केला आणि स्वादुपिंडातलं इन्शुलिन रोखलं गेलं.

घाम कुणाचा?

माझ्याबरोबर नुकताच बंधपत्रावर रुजू झालेला एक तरुण डॉक्टर होता. हुशार आणि कामसू मुलगा. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "मॅडम, लाळ, घाम, उलट्या, मंद नाडी. सगळं कोलिनर्जिक आहे. ॲट्रोपिन देऊ?"

कोलिनर्जिक म्हणजे ॲसिटिलकोलीनमुळे होणारं, आणि ॲट्रोपिन हे त्याचा परिणाम अडवणारं औषध. चूक त्याची नव्हती. आपल्या ग्रामीण भागात फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले रुग्ण इतके येतात की लाळ आणि घाम पाहिला की हात ॲट्रोपिनकडेच जातो, आणि तिथं ते जीव वाचवतंही. पण इथं घामाची गफलत होते. तक्त्यात अनुकंपीच्या टोकाला नॉरॲड्रेनलिन आणि परानुकंपीच्या टोकाला ॲसिटिलकोलीन असं लिहिलेलं असतं. घर्मग्रंथी या नियमाला अपवाद आहेत. त्यांना येणारे तंतू अनुकंपीचे, निघतात त्याच माळेतून, पण टोकाशी सोडतात ॲसिटिलकोलीन. घर्मग्रंथींना परानुकंपी तंतू नाहीतच. म्हणूनच आमच्या रुग्णाची कातडी एकाच वेळी गार आणि ओली होती: त्वचेखालच्या वाहिन्या आवळणारे आणि घाम फोडणारे तंतू एकाच घरातले. गार घाम फुटणं हा आपला रोजचा शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी चोख आहे.

ॲट्रोपिननं काय झालं असतं? हृदयावरचा व्हेगसचा लगाम सुटला असता. आधीच १२४ नं धावणारं हृदय आणखी धावलं असतं, आणि आवळलेल्या वाहिन्यांना काहीच फरक पडला नसता. त्यांना ॲसिटिलकोलीननं नव्हे, नॉरॲड्रेनलिननं धरलेलं होतं. उपकेंद्रात नाडी ५४ असतानाही ते न देणंच योग्य होतं. तासाभरात काय येणार आहे हे माहीत असेल तर लगाम आधीच तोडून ठेवायचा नसतो.

मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला, आणि तोही मनापासून: नाडी आणि दाब दोन्ही वाढलेत, तर बीटा ब्लॉकर? इथं ग्राही, म्हणजे रिसेप्टर, वेगळे करून पाहावे लागतात. नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिन ज्या कुलपांत फिरतात ती मुख्यतः दोन जातींची, अल्फा आणि बीटा. हृदयाची गती आणि जोर बीटा एककडे. श्वासनलिका आणि स्नायूंतल्या वाहिन्या सैल करणं बीटा दोनकडे. त्वचेच्या, आतड्याच्या, मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळणं, बाहुली मोठी करणं, अंगावर काटा आणणं अल्फा एककडे. बीटा बंद केले तर हृदयाचा जोर जातो, सैल करणारी वाट मिटते आणि आवळणारा अल्फा एकटाच मोकळा राहतो. दुखणं होतं तिथंच राहिलं असतं आणि त्याला सोसणारं हृदय दुबळं झालं असतं.

तक्त्याचा सगळ्यात मोठा घोटाळा वाहिन्यांच्या बाबतीत आहे. दोन रकाने पाहिले की वाटतं, प्रत्येक अवयवावर दोघींची रस्सीखेच चाललेली असते. हृदयात चालते, बाहुलीत चालते, आतड्यात चालते. पण शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांना परानुकंपीचा तंतूच जात नाही. तिथं एकटी अनुकंपी असते. ती सतत थोडं ओढून धरते, आणि जरा ढिली सोडली की वाहिनी रुंदावते. सैल करणारा दुसरा कुणी नाही. म्हणूनच तिनं एकदा करकचून धरलं की सोडवायला शरीराकडे दुसरा हात नसतो. नळीचा व्यास निम्मा झाला तर प्रवाहाला होणारा विरोध सोळा पट वाढतो. गार तळपायाचा अर्थ हा. तिथं हात ठेवला की अल्फा ग्राहींची अवस्था सरळ तळहाताला कळते.

प्राझोसिन

प्राझोसिन हे नाव महाराष्ट्रात विंचवाशी जोडलं गेलं ते महाडमुळे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावसकर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळात लाल विंचू चावलेली तरणीताठी माणसं आणि शाळकरी पोरं फुप्फुसात पाणी होऊन जात होती. विष अंगात भिनलेल्यांपैकी शंभरातले तीसएक दगावत. बावसकरांनी उशाशी बसून लक्षणांचा क्रम लिहून काढला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पाठवला, आणि पुढं एक साधा निष्कर्ष काढला: अल्फाचा अतिरेक हेच मूळ असेल तर अल्फा एक बंद करणारं, उच्च रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात असलेलं प्राझोसिन का नको? १९८४ पासून त्यांनी ते वापरायला सुरुवात केली. १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या दृष्टीनं त्या सन्मानाहून मोठी गोष्ट ही की कोकणातल्या कुठल्याही खेड्यातला डॉक्टर आज काही रुपयांच्या गोळीनं हा मृत्यू अडवू शकतो.

आमच्या रुग्णाला सव्वासहाला अर्धी गोळी दिली, ५०० मायक्रोग्रॅम. साधी गोळी, हळूहळू विरघळणारी नव्हे. हा फरक रात्री गडबडीत औषध आणणाऱ्याला बजावून सांगावा लागतो. उलट्या-घामानं गेलेलं पाणी भरून काढायला तोंडानं ओआरएस आणि बेतानं सलाइन. पाठ टेकून, पाय लांब, उठायचं नाही. विंचवाच्या विषावरचं सीरम त्या रात्री आमच्या फ्रिजमध्ये शिल्लक नव्हतं. असतं तर नक्की दिलं असतं. महाडमध्येच ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सीरम आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. म्हणजे आमची रात्र लांबणार, हे तेव्हाच ठरलं.

पावणेनऊ

पावणेनऊला त्याला खोकला सुटला. कोरडा, तुटक, थांबत नाही असा. नाडी १३२. ऑक्सिजन ९२. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक चुरचुर, केसांची बट कानाजवळ बोटांत चोळल्यावर येते तशी. रक्तदाब ९८/७८. पाय आता गुडघ्यापर्यंत गार.

इथं चूक होणं सगळ्यात सोपं असतं. १७० चा दाब ९८ वर आला, तर गोळी लागू पडली असं वाटू शकतं. किंवा दाब कमी झाला म्हणून घाईघाईनं सलाइन सोडावंसं वाटतं. वरचा आणि खालचा आकडा यांतलं अंतर पाहा: फक्त २०. अडीच तासांपूर्वी ते ६० होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडंच रक्त बाहेर पडत होतं, कारण पुढची वाट आवळलेली होती आणि ॲड्रेनलिनच्या माऱ्यानं हृदयाचा स्नायू थकला होता. बाहेर न गेलेलं रक्त मागं फुप्फुसात साचायला लागलं होतं. गार पाय सांगत होते की वाहिन्या अजून घट्ट आहेत. त्या सैल होऊन दाब पडला असता तर पाय गरम असते. दाबाचा आकडा एकच, पण तळपायाला हात लावला तर अर्थ पार उलटा.

सलाइन बंद केलं. पाठ उंच करून पाय कॉटखाली सोडले, ऑक्सिजन लावला, हृदयाला आधार म्हणून डोब्युटामिन अगदी कमी गतीनं सुरू केलं. आणि सव्वानऊला प्राझोसिनची दुसरी अर्धी गोळी दिली. "दाब ९८ असताना?" असं त्या तरुण डॉक्टरनं विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. शरीरातलं पाणी भरून काढलेलं असेल तर ही गोळी दाबाच्या आकड्याकडे पाहून अडवायची नसते. तिच्यानं हृदयापुढची वाट रुंद होते.

त्या अर्ध्या तासात वॉर्डात फारसं कुणी बोललं नाही. भाऊ कॉटच्या पायथ्याशी उकिडवा बसून त्याच्या पायाचे अंगठे दोन्ही हातांत धरून चोळत होता. मी त्याला थांबवलं नाही. फक्त सांगितलं, गरम लागले की मला हाक मार.

मधल्या काळात मी एका गोष्टीचा विचार करत होते. दाब १७० असताना त्याच्या शरीराला ते कळलं नव्हतं का? मानेतल्या धमनीच्या फुगवट्यात आणि महाधमनीच्या कमानीत ताण मोजणाऱ्या चेता असतात. दाब चढला की नवव्या आणि दहाव्या चेतेतून त्या मेंदूच्या तळाशी वर्दी देतात, आणि तिथून अनुकंपीला आवर घालण्याचा, व्हेगसला पुढं करण्याचा हुकूम सुटतो. ही यंत्रणा क्षणाक्षणाला चालते. आमच्या रुग्णाचा मेंदू शाबूत होता, तो शुद्धीत होता, प्रश्नांची उत्तरं नीट देत होता. हुकूम सुटतच असणार. पण विषानं पकडले होते खालचे तंतू, टोकाजवळचे. ते वरच्या हुकुमाची वाट न पाहता स्वतःच पेटत होते.

साडेअकराला खोकला थांबला. ऑक्सिजन ९६, दाब ११०/७२, नाडी ११२. सव्वाबाराला तिसरी अर्धी गोळी. डोब्युटामिन दोनच्या सुमारास उतरवत बंद केलं. पावणेचारला भावानं हाक मारली. डावा अंगठा कोमट, उजवाही. मी घोट्यापर्यंत हात फिरवला. कोरडे, कोमट. चौथी गोळी लागली नाही. थोड्याच वेळात रुग्णानं पहिल्यांदा तक्रार केली ती बोटाची: "मॅडम, बोट ठणकतंय आता." मला ते ऐकून जो दिलासा वाटला तो त्याला समजावून सांगता आला नाही. बोटाच्या मुळाशी भूल दिली आणि तो झोपला.

साडेपाच

इथं माझ्याकडून ढिलाई झाली. पाय गरम झाले, तशी मी ड्युटीरूममध्ये चहा घ्यायला गेले. उठायचं नाही ही सूचना रात्री दिली होती, पहाटे परत दिली नाही. साडेपाचला तो लघवीला जायचं म्हणून भावाचा हात धरून उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसला. भावानं सावरलं म्हणून डोकं आपटलं नाही. आडवं करून पाय वर धरले तर मिनिटभरात डोळे उघडले. झोपलेला असताना दाब ११२/७०, नाडी ८८. बऱ्याच वेळानं जपून बसवून मोजला तर ८४/६०, नाडी ११६.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या त्या चेतांना ते लगेच कळतं, मेंदू अनुकंपीला पुढं करतो, पायांच्या वाहिन्या आवळल्या जातात, नाडी थोडी वाढते, आणि आपण काही न जाणवता चालू लागतो. त्याच्या शरीरानं हे सगळं केलं. नाडी ८८ ची ११६ झाली, म्हणजे वर्दी पोचली, हुकूम सुटला, तंतूंनी नॉरॲड्रेनलिन सोडलं, हृदयाच्या बीटा ग्राहींनी ते ऐकलंही. पण वाहिन्यांवरचे अल्फा ग्राही प्राझोसिननं अडवलेले होते. संध्याकाळी याच वाटेत तंतूचं टोक मेंदूचं ऐकत नव्हतं. पहाटे टोक ऐकत होतं, पण पलीकडचं दार आम्हीच लावून घेतलं होतं. सैल करणारं औषध दिलं तर आवळण्याची नैसर्गिक क्षमताही काही तास जाते, आणि रुग्णाला हे गोळी देतानाच नाही, तो बरा वाटून उठू पाहतो तेव्हाही सांगावं लागतं. आमच्या वॉर्डात तेव्हापासून प्राझोसिनच्या रुग्णाच्या उशाशी 'उठू नये, भांडं मागावे' अशी पाटी लावतो. ही गोळी घरी ठेवून विंचू चावल्यावर परस्पर घेऊ नये, ते याचसाठी.

त्याला ४८ तास ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी छाती स्वच्छ, ताठरता पूर्ण उतरलेली, साखर ९८. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट अजून जड वाटत होतं, बाकी काही नाही. उभं राहून दाब ११८/७६, नाडी ७८, दोन्ही तळपाय गरम आणि कोरडे. अजून दीड एकराची कापणी बाकी आहे, कधी हात लावू, असं त्यानं विचारलं. आठवडाभर भावाला करू दे, म्हटलं, आणि नंतर प्रत्येक भारा उचलण्याआधी काठीनं उलटा करून पाहायचा. भावानं मान डोलावली आणि ती डबी परत मागितली. वाडीत सगळ्यांना दाखवायची होती.